हिशेब वाटावा, टीप नव्हे

सोलापूरकर स्वातंत्र्य दिवसांत मोजतात. मे 1930 मध्ये इंग्रजांचा अंमल या शहरातून काही दिवस उठला होता. मग लष्करी कायदा आला आणि पुढच्या जानेवारीत चौघे जण फासावर गेले. अंमल उठलेले ते दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते, तरी त्यांना स्वातंत्र्य म्हणायला कोणी कचरत नाही. घरच्या पैशाचा विचारही असाच मोजून करायला हवा. उद्या बिडी कारखान्याने पान-तंबाखू दिली नाही, माग बंद राहिला किंवा आजारपणामुळे दुकानाचे शटर उघडलेच नाही, तर कोणापुढे हात न पसरता घर किती दिवस चालेल? उत्तर येईल तेवढे आपले आर्थिक स्वातंत्र्य. कोणाचे पाच दिवसांचे निघेल, कोणाचे पाच महिन्यांचे, कोणाचे शून्य. शून्य निघाले तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. अडचण ही की बहुतेक घरांत हा आकडा कोणी काढलेलाच नसतो.

'आर्थिक स्वातंत्र्य' हा शब्द हल्ली वेगळ्याच थाटात कानावर येतो. वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट रक्कम साठवा, त्यातून वर्षाला चार टक्के काढत राहा आणि चाळिशीतच नोकरीला रामराम ठोका, असे ते सूत्र. त्याचे मूळ 1994 मधल्या एका अमेरिकी मांडणीत आहे. विल्यम बेंगेन या आर्थिक सल्लागाराने तिथल्या शेअर आणि रोख्यांच्या जुन्या परताव्यांवरून, तीस वर्षांच्या म्हातारपणाला पैसा कसा पुरेल याचा तो हिशेब मांडला होता. आपली महागाई वेगळी, आपली कुटुंबे वेगळी. शिवाय महिना 15,000 रुपयांत चालणाऱ्या घरापुढे हे सूत्र थेट 45 लाखांचा आकडा ठेवते. तो ऐकून माणूस हसतो आणि वही मिटून टाकतो. म्हणून मापच बदलावे. याच घराने 15,000 रुपये बाजूला टाकले की एक महिन्याचे स्वातंत्र्य हाती आले. 45,000 झाले की तीन महिन्यांचे. रोज 50 रुपये वेगळे पडले तर पहिला महिना 300 दिवसांत जमतो. एक महिना गाठीशी असलेला माणूस पहिल्याच अडचणीला सावकाराचे दार ठोठावत नाही. तीन महिने असलेला पडेल त्या मजुरीच्या कामाला नाही म्हणू शकतो. सहा महिने असलेला नवा धंदा करून पाहतो किंवा मुलीचे शिक्षण मध्येच तोडत नाही. स्वातंत्र्याचा उपयोग अशा पायऱ्या-पायऱ्यांनी मिळतो, त्यासाठी 45 लाखांची वाट पाहावी लागत नाही.

एकाच कमाईवर विसंबण्याची किंमत या शहराला नव्याने सांगायला नको. 1877 मध्ये सुरू झालेली जुनी मिल, मग नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी अशा गिरण्यांनी पिढ्यानपिढ्या घरे पोसली आणि एकेक करून त्यांचे भोंगे थांबले. गिरणीचा पगार निदान तारखेला यायचा. आज हजारो घरांची कमाई नगावर आहे. बिडीची मजुरी हजारावर मिळते, छाट म्हणजे नाकारलेल्या बिड्या निघाल्या की त्यातली कमी होते. चादर-टॉवेलच्या मागावर ती विणलेल्या मालावर ठरते. कमाई अशी वर-खाली होते, पण घरभाडे, शाळेची फी आणि कर्जाचा हप्ता दिवस चुकवत नाहीत. तरी याच नगावर कमावणाऱ्या बायकांनी शहराजवळच्या कुंभारीत घरे मिळवली. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली झगडलेल्या 10,000 बिडी कामगार महिलांची गोदूताई परुळेकर वसाहत 2006 मध्ये उभी राहिली आणि त्याच परिसरातल्या रे नगरातील पहिल्या 15,000 घरांचे हस्तांतरण जानेवारी 2024 मध्ये झाले. यातली कोणतीही बाई एकटीने काटकसर करून तिथे पोहोचली नाही. कोणती योजना, कोणते अनुदान, कोणता कागद, कर्जात आपला वाटा किती, हे एकीला कळले ते दहा जणींना कळले आणि दहा जणींचे हजारांना. माझे म्हणणे यातूनच निघते: पैशाचे ज्ञान एकट्याजवळ टिकत नाही. ते गल्लीचे झाले तरच कामाचे.

हे नुसते चांगुलपणाचे बोलणे वाटेल. त्यामागे रोखठोक कारण आहे. आपल्याकडे पैशाचे व्यवहार एकमेकांत गुंतलेले असतात. पतसंस्थेच्या कर्जाला मेहुणा जामीन असतो, भिशीत शेजारीण असते, मायक्रोफायनान्सच्या गटात एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांच्या दारात वसुलीवाला उभा राहतो. जामीन राहणे म्हणजे ओळखीखातर केलेली सही, असा समज घरोघरी आहे. 1872 चा करार कायदा मात्र जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच मानतो, आणि करारात वेगळे काही ठरले नसेल तर संस्थेने आधी कर्जदारालाच गाठले पाहिजे असे बंधन नाही. तुम्ही कितीही काटेकोर असा. तुमच्या सहीवर कर्ज घेणाऱ्याला व्याज कसे चढते हे कळत नसेल, तर त्याच्या अज्ञानाचा हप्ता एक दिवस तुमच्या खात्यातून जाईल. विमा काढून जी सुरक्षितता मिळते, तिचा एक भाग शेजाऱ्याला हिशेब शिकवूनही मिळतो.

पण शिकवायचे काय, इथे बहुतेकांची वाट चुकते. पैशाबद्दल आपण बोलतो ते टीप देण्यासाठी: अमका शेअर घे, तमक्या स्कीममध्ये टाक, माझे दीडपट झाले. टीप एका दिवसाची असते. ती चुकली की पैसा जातो आणि नातेही. फसव्या योजनाही याच रस्त्याने पसरतात; त्यांना जाहिरात लागत नाही, 'आपल्याच माणसाने सांगितले' एवढे पुरते. हिशेबाचे तसे नाही. तो शिकलेला माणूस पुढची प्रत्येक टीप स्वतः तपासू शकतो. शिवाय मोबदला घेऊन गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा तर सेबीकडे नोंदणी लागते, हे 2013 पासूनच्या नियमांत स्पष्ट आहे. व्याज कसे मोजतात हे शेजारणीला समजावून सांगायला मात्र कोणाचा परवाना लागत नाही. म्हणून सीमारेषा सोपी ठेवावी: कुठे पैसे टाकावेत हे सांगू नये, कुठेही टाकण्याआधी काय विचारावे ते सांगावे. त्यासाठी तीन हिशेब पुरेसे आहेत.

पहिला हिशेब व्याजाचा. 10,000 रुपये महिन्याला 'शेकडा दोन'ने 12 महिन्यांसाठी घेतले, असे समजा. बचत गटात दरमहा सारखे मुद्दल फेडत गेले आणि उरलेल्या मुद्दलावरच व्याज लागले, तर वर्षाचे व्याज 1,300 रुपये होते. तेच कर्ज 'फ्लॅट' दराने घेतले तर फेडून झालेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज चालू राहते आणि वर्षाला 2,400 रुपये जातात. बोलताना दोन्ही ठिकाणी दर 'दोन टक्के'च सांगितला जातो. उरलेल्या मुद्दलावर मोजला तर दुसऱ्या कर्जाचा खरा दर वर्षाला 42 टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून दर विचारून थांबू नये. 'एकूण किती रुपये परत द्यायचे?' असे विचारावे. मायक्रोफायनान्ससाठी रिझर्व्ह बँकेचे 2022 पासूनचे नियम इथे हाताशी आहेत. वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला हे विनातारण कर्ज मिळते. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. मुदतीआधी फेडले तर दंड लावता येत नाही, आणि सगळे शुल्क धरून वार्षिक दर दाखवणारा कागद संस्थेने द्यावाच लागतो. तो कागद मागणे हा कर्जदाराचा हक्क आहे, हे गटातल्या एकीला माहीत असले तरी पुरे. पुढच्या बैठकीत सगळ्या मागतील.

दुसरा हिशेब ठेवीचा. 72 ला वार्षिक व्याजदराने भागले की पैसे साधारण किती वर्षांत दुप्पट होतात ते कळते. सात टक्क्यांच्या मुदत ठेवीला दहा वर्षे लागतात. कोणी महिन्याला दहा टक्के देतो म्हणाला, तर त्याचा अर्थ आठ महिन्यांच्या आत दुप्पट आणि वर्षात तिपटीहून जास्त. सोलापुरातला कोणता चोख धंदा वर्षात तिप्पट होतो, एवढे एकच मनाला विचारावे. उत्तर मिळाले नाही तर पैसे खिशातच ठेवावेत. ठेव कोणाकडे आहे हेही पाहावे. बँक बुडाली तर प्रत्येक ठेवीदाराला त्या बँकेतल्या सगळ्या खात्यांचे मिळून, व्याज धरून, 5 लाखांपर्यंतच ठेव विम्याचे संरक्षण मिळते. 4 फेब्रुवारी 2020 आधी ही मर्यादा 1 लाख होती. सप्टेंबर 2022 मध्ये सोलापूरच्या लक्ष्मी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने रद्द केला, तेव्हा या नियमाचा अर्थ शहराला समोर दिसला: मर्यादेच्या आतल्या ठेवीला विम्याचा आधार होता, तिच्या वरच्या रकमेला नव्हता. पतसंस्थेतल्या ठेवीला तर हा विमाच नाही. पाटी सारखी, काउंटर सारखा, पासबुकही सारखे दिसते, म्हणून ठेवीदाराला हा फरक जाणवत नाही. पतसंस्था वाईट असते असा याचा अर्थ नव्हे. मात्र म्हातारपणाची सगळी पुंजी एकाच ठिकाणी, तीही एक-दीड टक्का जास्त व्याजासाठी ठेवणे, हा सौदा महागात पडू शकतो.

तिसरा हिशेब आपल्याच हक्काच्या कागदांचा, आणि सर्वांत दुर्लक्षित. बिडी कामगाराच्या मजुरीतून भविष्य निर्वाह निधीसाठी 10 टक्के कापले जातात आणि मालकालाही तेवढेच भरावे लागतात. पण खात्यावरचे नाव, आधारवरचे नाव आणि बँकेतले नाव एकच नसेल, तर स्वतःचेच पैसे काढताना हेलपाटे घालावे लागतात. माहेरचे नाव एका कागदावर, सासरचे दुसऱ्यावर, जन्मतारीख तिसऱ्यावर वेगळी, हे सर्रास दिसते. दहा वर्षांची सेवा भरली तर 58 व्या वर्षापासून पेन्शन लागते. मध्येच सगळे पैसे काढून घेतले तर तो हक्क हातचा जातो. नॉमिनीचा रकाना रिकामा असणे किंवा तिथे कधीच वारलेल्या सासऱ्यांचे नाव असणे, हीही घरोघरची गोष्ट. जोडीला दोन सरकारी विमे आहेत. प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता 436 रुपये, सुरक्षा विम्याचा 20 रुपये. पहिल्यात मृत्यूनंतर आणि दुसऱ्यात अपघाती मृत्यूनंतर प्रत्येकी 2 लाख रुपये वारसाला मिळतात. दोन्ही मिळून दिवसाला सव्वा रुपया पडतो. अनेकांच्या खात्यातून हा हप्ता दरवर्षी कापला जातो आणि घरच्यांना पत्ताच नसतो. मग दावा करायचा तरी कोणी? घरातल्या दुसऱ्या माणसाला माहीत नसलेला विमा हा फक्त खर्च असतो.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: कमाईच पुरत नाही, तिथे हिशेब शिकून काय होणार? मजुरी कमी असेल तर ती वाढवूनच मिळवावी लागेल, वही लिहून ती वाढत नाही. आर्थिक साक्षरतेच्या नावाखाली गरिबालाच त्याच्या गरिबीचा दोष देणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण कमी कमाईच्या घरात अज्ञानाची किंमत जास्त पडते, हेही तितकेच खरे. 5,000 रुपये शेकडा दहाने घेतले की वर्षात 6,000 रुपये व्याजाचे जातात आणि मुद्दल जागच्या जागी. महाराष्ट्राचा 2014 चा सावकारी कायदा विनापरवाना सावकारी गुन्हा ठरवतो. शेतकरी नसलेल्या कर्जदाराकडून विनातारण कर्जावर परवानाधारक सावकारानेही वर्षाला 18 टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायचे नाही. म्हणजे महिन्याला शेकडा दीड. दीड आणि दहा यांतला फरक भरपूर पगार असलेल्याला सोसवेल, नगावर कमावणाऱ्याला नाही. शिवाय मजुरीसाठी भांडायलाही उसंत लागते. घरात एका महिन्याचे धान्य-भाडे भरलेले असेल तर कामगार संपावर चार दिवस जास्त टिकतो. हिशेब हा लढ्याला पर्याय नाही, त्याची शिदोरी आहे.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा: आर्थिक साक्षरतेच्या वर्गांनी फारसे काही बदलत नाही. यालाही आधार आहे. फर्नांडिस, लिंच आणि नेटेमायर या संशोधकांनी 2014 मध्ये सुमारे 200 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा लोकांच्या पैशाच्या वागण्यात जो फरक दिसतो त्यातला अगदी नगण्य भाग या शिक्षणाने समजावता येतो आणि शिकलेले काळानुसार विरत जाते, असे आढळले. पुढे 2022 मध्ये 76 प्रयोगांच्या तपासणीतून मात्र परिणाम होतो असेच दिसले. मग कोणाचे खरे मानायचे? डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या छोट्या दुकानदारांवरचा एक प्रयोग वाट दाखवतो. तिथे काहींना रीतसर हिशेबशास्त्र शिकवले आणि काहींना 'धंद्याचे पैसे एका खणात, घरचे दुसऱ्या खणात' असे साधे नियम तेवढे सांगितले. साध्या नियमवाल्यांचे व्यवहार जास्त सुधारले. म्हणजे दोष शिक्षणाचा कमी, शिकवण्याच्या रीतीचा जास्त. सभागृहातले दोन तासांचे व्याख्यान विसरले जाते. कर्जाचा अर्ज हातात असताना शेजारणीने विचारलेला एक प्रश्न लक्षात राहतो. असा प्रश्न वेळेवर विचारणारी व्यक्ती गल्लीतच असावी लागते. बाहेरचा तज्ज्ञ त्या वेळी हजर नसतो.

शिकलेसवरलेलेच हे करू शकतात, या समजाला तर आपल्या शेजारीच उत्तर आहे. सोलापूर जिल्ह्याच्या हद्दीजवळ, सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने महिलांनी बँकेसाठी अर्ज केला, तेव्हा प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेने तो नाकारला. बायका अक्षरे गिरवून काही महिन्यांनी परत गेल्या आणि त्यांनीच अधिकाऱ्यांना आव्हान दिले: कोणत्याही रकमेचे व्याज आम्हाला विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या माणसांना यंत्राशिवाय सांगायला लावा. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. अक्षरओळख आणि हिशेबाची ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला टक्केवारी कळते. अर्जावरची भाषा तिच्यासाठी परकी असते. सोलापुरात तर ही अडचण दुहेरी आहे, कारण इथल्या घरांत मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूही बोलली जाते. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकराच्या घरी हा हिशेब तेलुगूत सांगितला गेला तरच तो चुलीपर्यंत पोहोचेल.

तिसरा आक्षेप कोणी मोठ्याने बोलत नाही: पैशाची गोष्ट चारचौघांत काढली की उसने मागणारे येतात, भावकीत कुजबुज होते, नवऱ्याला बायकोची साठवण कळते. ही भीती खोटी नाही. बाईने डाळीच्या डब्यात ठेवलेले पैसे ही तिची एकमेव सुरक्षितता असू शकते, आणि ती उघडी करायला कोणी सांगू नये. म्हणून आकडा झाकून रीत वाटावी. माझ्याकडे किती आहेत हे सांगायची गरज नाही. 10,000 च्या कर्जाचा हिशेब फळ्यावर मांडता येतो, त्यात कोणाचेच पैसे नसतात. बाईचे खाते तिच्या एकटीच्या नावावर असावे आणि त्याचा पिन व ओटीपी तिच्याजवळच राहावा, एवढे मात्र आग्रहाने सांगावे. 'लाडकी बहीण'चे दरमहा 1,500 रुपये 2024 पासून बायकांच्या खात्यांत येऊ लागले. पैसे तिच्या नावावर येणे ही सुरुवात झाली. ते किती काळ तिचे राहतात, हे खाते कोण चालवतो यावर ठरते.

सुरुवातीला मोठे काही लागत नाही. बचत गटाला, भिशीला, सोसायटीला, तालमीच्या मंडळाला महिन्यातून एकदा बसायची सवय असतेच. त्या बैठकीतली पंधरा मिनिटे एका हिशेबाला द्यावीत आणि एका महिन्यात एकच हिशेब घ्यावा. पहिल्या महिन्यात प्रत्येकाने घरी जाऊन आपले स्वातंत्र्य किती दिवसांचे ते मोजावे. आकडा कोणाला सांगू नये. दुसऱ्या महिन्यात व्याज, तिसऱ्यात ठेव, चौथ्यात नॉमिनी आणि पेन्शनचे कागद. जो शिकला त्याने पुढच्या वेळी दुसऱ्याला शिकवावे, कारण शिकवताना अडखळले की आपल्याला कुठे कळले नाही ते कळते. सिद्धरामेश्वरांच्या या गावात कायक आणि दासोह हे शब्द परके नाहीत: कष्ट करावेत आणि मिळाले त्यातले वाटावे. पैसा वाटला की आपल्याजवळचा कमी होतो, हिशेब वाटल्याने होत नाही. आणि एक नंबर प्रत्येक बैठकीत म्हणवून घ्यावा. फोनवरून किंवा ऑनलाइन फसवणुकीत खात्यातून पैसे गेले की पहिल्या काही मिनिटांतच ज्यावर फोन करायचा तो सरकारी मदतक्रमांक 1930 आहे. सोलापूरकराला तो वेगळा पाठ करावा लागणार नाही. तरीही शेजाऱ्याला तो माहीत आहे का, हे आजच विचारून घ्या.